बिनधास्त विचारा : बुन्युएलचे पोटापाण्याचे पिक्चर

मागच्या अंकात लुईस बुन्युएलच्या 'लोस ओल्विदादोस'वर चार ओळी लिहिल्या होत्या. मेक्सिको सिटीच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा पिक्चर, १९५० सालचा, ब्लॅक अँड व्हाइट. वाटलं होतं कोण वाचणार, पण आपल्या सोलापुरातूनच इतके प्रश्न आले की या महिन्याचं पान त्यालाच देऊन टाकलं. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय त्यामुळे कुणाचंच छापत नाही, फक्त भाग लिहिते.

ताई, हा बुन्युएल नक्की कुठला? यूट्यूबवर बघायलोय तर कुणी स्पॅनिश म्हणतंय कुणी फ्रेंच कुणी मेक्सिकन, काय कळंना गेलंय. – कॉलेजचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

तिघंही थोडं थोडं बरोबर सांगतायत. जन्म २२ फेब्रुवारी १९००, स्पेनमधलं कालांदा गाव, घर खातंपितं, वडिलांनी क्युबात हार्डवेअरच्या धंद्यात पैसा कमवून आणलेला. माद्रिदच्या होस्टेलात मित्र कोण, तर कवी लोर्का आणि चित्रकार दाली. मग पॅरिस. तिथं १९२९ मध्ये दालीबरोबर तो डोळ्यावर वस्तरा फिरवण्याचा सीन असलेला छोटा पिक्चर केला, जो आजही फिल्मच्या पोरांना पहिल्या वर्षी दाखवून घाबरवतात. १९३० ला दुसरा केला तर थिएटरात राडा झाला आणि पॅरिस पोलिसांनी बंदी घातली. १९३३ मध्ये स्पेनमधल्या लास उर्देस नावाच्या अत्यंत गरीब डोंगराळ भागावर माहितीपट केला, त्यावर स्पेनच्या सरकारनं बंदी घातली. म्हणजे बंदी त्याच्या पाचवीलाच पुजलेली.

१९३६ ला स्पेनमध्ये यादवी पेटली, हा रिपब्लिकवाल्यांच्या बाजूचा, १९३८ मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढच्याच वर्षी समोरच्या बाजूचा हुकूमशहा फ्रँको जिंकला, झालं, परतीचा रस्ता बंद. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये फिल्म विभागात नोकरी मिळाली. पण दालीनं आपल्या आत्मचरित्रात याला नास्तिक वगैरे लिहून ठेवलं, त्यावरून बोंबाबोंब झाली आणि १९४३ ला ती नोकरी सोडावी लागली (मित्र असावेत तर असे). मग हॉलीवूडमध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या स्पॅनिश डबिंगचं काम. १९४६ मध्ये लोर्काच्या एका नाटकावर पिक्चर काढायचं ठरत होतं त्या निमित्तानं मेक्सिकोत उतरला. ते जमलं नाही, पण ऑस्कर डान्सिगर्स नावाचा प्रोड्युसर भेटला. हा स्वतः मूळचा रशियन, युरोपातून आलेला. त्यानं विचारलं इथंच करतोस का काम, आणि हा राहिला. गंमत म्हणजे तोवर बुन्युएल मित्रांना सांगायचा की मी कधी गायब झालो तर मला कुठंही शोधा पण लॅटिन अमेरिकेत शोधू नका. १९४९ ला मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि २९ जुलै १९८३ ला गेला तोही मेक्सिको सिटीतच. एकूण बत्तीसेक पिक्चर, त्यातले वीसेक मेक्सिकोत शूट झालेले. फ्रान्समधले रंगीत, कॅथरीन दनव्ह वगैरे असलेले पिक्चर सगळे साठी गाठल्यावरचे, म्हणून लोक त्याला फ्रेंच समजतात.

आणि मेक्सिकोच का, तर दोन गोष्टी. राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी स्पेनमधून हरून आलेल्या हजारो लोकांना दार उघडलं होतं, त्यात कवी, प्राध्यापक, डॉक्टर, नट सगळे होते. दुसरं म्हणजे महायुद्धात अमेरिकेनं कच्ची फिल्म मेक्सिकोला भरपूर दिली आणि अर्जेंटिनाचा हात आखडला, कारण अर्जेंटिना तटस्थ म्हणून संशय. त्यामुळे स्पॅनिश पिक्चरचा सगळा बाजार मेक्सिकोच्या हातात आला. स्टुडिओ जोरात, हिरो-हिरॉइनी जोरात, कामाला माणसं हवीच होती.

एवढा प्रतिभावंत माणूस आणि तिथं जाऊन गाणीबजावणीचे, रडारडीचे सिनेमे काढत बसला. पोटासाठी केलं म्हणून आपण ते सोडून द्यायचं काय? – निवृत्त शिक्षक, सात रस्ता

सर, सोडून कशाला द्यायचं, माझं तर उलट मत आहे. पॅरिसचे दोन पिक्चर आणि म्हातारपणचे फ्रेंच पिक्चर एवढंच बघून मधली वीस वर्षं गाळणारे लोक आहेत ना, त्यांना बुन्युएल अर्धाच भेटतो.

पहिला मेक्सिकन पिक्चर 'ग्रान कासिनो', १९४७. हिरो होर्हे नेग्रेते, म्हणजे मोठी हॅट घालून गाणारा मेक्सिकोचा लाडका, आणि हिरॉइन लिबेर्ताद लामार्के, अर्जेंटिनाची टँगो गाणारी स्टार, तीसुद्धा नुकतीच देश सोडून आलेली. दोघं गाणारे म्हटल्यावर गाणी किती असतील विचार करा. आपल्याकडच्या तमाशापटात लावणी नसेल तर डिस्ट्रिब्युटर हात लावायचा नाही, तिकडे रांचेरा म्हणजे तिथलं लोकढंगाचं गाणं नसेल तर तेच. पण लव्ह सीन आला की बघा, हिरो प्रेमाचं बोलतोय आणि काठीनं खालचा तेलकट चिखल ढवळतोय, आणि कॅमेरा दोघांच्या तोंडावर सोडून त्या चिखलावर! प्रेक्षकांना काय कळलं नसणार, पिक्चर काही चालला नाही. मग दोनेक वर्षं काम नाही, आईनं स्पेनवरून पैसे पाठवले त्यावर घर.

१९४९ ला 'एल ग्रान कालावेरा' आला. फेर्नान्दो सोलेर हे तिथले मोठे नट स्वतःच डायरेक्शन करणार होते, पण दोन्ही झेपणार नाही म्हणाले, मग हा सापडला. दारुड्या शेठजी, त्याच्या पैशावर जगणारं ऐतखाऊ खानदान, आणि सगळ्यांना वठणीवर आणायला 'आपण कंगाल झालो' असं नाटक. ही गोष्ट मराठीत कुणी केली असती तरी चालली असती. १६ दिवसांत शूटिंग उरकलं आणि पिक्चर धो धो चालला. बुन्युएलनं पुढे लिहिलंय की कलेच्या दृष्टीनं त्यात काही नव्हतं, पण शॉट कसा तोडायचा, एडिटिंगचा हिशोब आधीच डोक्यात कसा ठेवायचा हे तिथं हाताला बसलं. हे महत्त्वाचं आहे सर. पॅरिसमध्ये त्यानं आईच्या आणि एका उमरावाच्या पैशानं पिक्चर काढले होते, तिथं कुणी घड्याळ लावून बसलेलं नव्हतं. मेक्सिकोत एक 'रॉबिन्सन क्रूसो' सोडला तर बाकी बहुतेक पिक्चर १८ ते २४ दिवसांत उरकावे लागले, पगार बेताचा, 'ओल्विदादोस'चे त्याला सगळे मिळून दोन हजार डॉलर मिळाले.

आणि तो मिळेल त्या रडारडीच्या गोष्टीत आपली पाचर मारून ठेवायचा. 'सुसाना' (१९५१) घ्या. तुरुंगातून पळालेली पोरगी एका देवभोळ्या जमीनदाराच्या घरात शिरते आणि बाप, पोरगा, कारभारी तिघांनाही नादी लावते, शेवटी ती जाते आणि घर पुन्हा गोडगोड. तो गोड शेवट इतका जास्त गोड आहे की आपल्याला घरच्यांचीच भीती वाटते. किंवा 'एल' (१९५३), संशयी नवऱ्याची गोष्ट, नवरा प्रतिष्ठित, देवळात मान असलेला, आणि हनिमूनला शेजारच्या खोलीतून कुणी बघतंय म्हणून किल्लीच्या भोकात लांब सुई घालतो. लोकांनी थिएटरात हसून घेतलं, डान्सिगर्स बाहेर येऊन म्हणाला अरे हे हसतायत! पुढे पॅरिसमध्ये लाकाँ नावाचा मोठा मनोविश्लेषक हाच पिक्चर आपल्या विद्यार्थ्यांना संशयी वेडाचा नमुना म्हणून दाखवायला लागला. वरवर बघितलं तर 'एल' हा चार रिळांनंतर बायको माहेरी निघून जाईल असा साधा कौटुंबिक पिक्चर आहे, आणि त्या साधेपणामुळेच तो जास्त टोचतो असं मला वाटतं.

सगळेच भारी आहेत असं नाही हं. 'उना मुहेर सिन आमोर' (१९५२) तो स्वतःच आपला सगळ्यात वाईट पिक्चर म्हणायचा. मी बघितलाय, माझंही मत वेगळं नाही.

आमचे पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. आम्ही इथंच जन्मलो, शाळा मराठी, तरी कुणी ना कुणी विचारतंच 'तुम्ही मूळचे कुठले'. बुन्युएलला मेक्सिकोवाल्यांनी आपलं मानलं का? बाहेरच्या माणसानं आपली गरिबी दाखवली की राग येतोच की. – यंत्रमाग कामगार, पूर्व भाग

तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत दादा. राग आला, आणि असा तसा नाही.

'ग्रान कालावेरा' चालल्यावर बुन्युएल आणि एक मित्र मिळून लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या अनाथ पोराची रडकी गोष्ट घेऊन डान्सिगर्सकडे गेले. डान्सिगर्स म्हणाला हे राहू दे, गरीब पोरांवरच काहीतरी खरं कर. मग हा महिनोन्महिने मेक्सिको सिटीच्या वस्त्या पायी फिरला, जुने कपडे घालून, कधी एकटा, कधी लुईस अल्कोरिसाबरोबर (त्याचा सहलेखक, हाही स्पेनमधून आलेलाच). बालगुन्हेगारांच्या कोर्टाच्या फायली वाचल्या, लोकांशी बोलत बसला. त्यातून जे आलं ते म्हणजे सुधारगृहातून पळालेला हाइबो, त्याच्या नादानं फरफटत जाणारा पेद्रो, आंधळा म्हातारा डॉन कार्मेलो, बाप बाजारात सोडून गेलेला खेड्यातला पोरगा. आणि यात कुणीच गरीब-बिचारा नाही! आंधळा म्हातारा गाणं म्हणून भीक मागतो, पोरं त्याला दगडं मारतात तेव्हा आपल्याला कीव येते, आणि तोच म्हातारा लहान पोरीवर वाईट नजर ठेवतो, शेवटी पोराच्या मरणावर खूश होतो. आपल्याला गरीब माणूस चांगला असायला लागतो ना पिक्चरमध्ये, तेवढीच सोय याने काढून घेतली.

शूटिंगमध्येच भांडणं सुरू. पेद्रोची आई उपाशी पोराला जेवायला देत नाही असा सीन आहे, तर केशभूषा करणारी बाई म्हणाली मेक्सिकोतली कुठलीच आई असं करणार नाही आणि काम सोडून गेली. बुन्युएलचं म्हणणं, असं एक प्रकरण मी फायलीतच वाचलंय. खाजगी शो ठेवला तर कवी लेओन फेलिपेची बायको नखं काढून अंगावर आली, म्हणे मेक्सिकोची बदनामी केलीस. लक्षात घ्या, लेओन फेलिपे स्वतः स्पेनमधून आलेले, पण बायको मेक्सिकन. आश्रय दिलेल्या घरालाच हा नावं ठेवतोय अशी तिची भावना असणार, ती आपल्यालाही कळू शकते. त्याच शोला चित्रकार सिकेरोस यांनी मात्र मनापासून कौतुक केलं. ९ नोव्हेंबर १९५० ला पिक्चर लागला आणि चारेक दिवसांत उतरवला. संघटना उठल्या, याला देशाबाहेर काढा. मेक्सिकोच्या घटनेत कलम ३३ आहे, सरकारला नको असलेल्या परदेशी माणसाला हाकलता येतं. पण हा तर वर्षभर आधीच नागरिक झालेला. कागद होता म्हणून वाचला म्हणा.

मग १९५१ चं फ्रान्समधलं कान फिल्म फेस्टिव्हल. तिथं कवी ऑक्टाव्हिओ पाझ, तेव्हा मेक्सिकोच्या परराष्ट्र खात्यात नोकरीला, हे पुढे १९६२ ते १९६८ भारतात राजदूत होते. सरकारला हा पिक्चर आवडलेला नसताना त्यांनी स्वतः लेख लिहिला आणि थिएटरच्या दारात उभं राहून वाटला. बेस्ट डायरेक्टरचं बक्षीस मिळालं. झालं! तोच पिक्चर मेक्सिको सिटीत पुन्हा लागला, चांगला चालला, तिथली मानाची आरिएल बक्षिसं ढिगानं मिळाली, ज्यांनी शिव्या दिल्या त्यांनीच टाळ्या वाजवल्या. बाहेर कौतुक झालं की घरी किंमत वाढते, हे फक्त आपल्याकडेच नाही. २००३ मध्ये युनेस्कोनं या पिक्चरची निगेटिव्ह 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' म्हणजे जगाच्या स्मृतीच्या यादीत घेतली. आणि कित्येक वर्षांनी असंही सापडलं की याच पिक्चरचा एक गोड शेवटही शूट करून ठेवला होता, पेद्रो सुखरूप सुधारगृहात परत जातो असा. तो वापरला नाही. वापरलेला शेवट काय ते सांगत नाही, पण जेवताना बघू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, आपलं मानलं का. आज मेक्सिकोचे सगळ्यात चांगले पिक्चर काढा म्हटलं की 'ओल्विदादोस' पहिल्या काहीत असतोच, म्हणजे मानलं. पण मला वाटतं तो बाहेरचा होता म्हणूनच त्याला त्या वस्त्या दिसल्या. तिथल्या डायरेक्टरांना दिसत नव्हत्या असं नाही, त्यांना तिथं गाणं घालायची सवय लागली होती. आणि त्यानं दहा वर्षं आधी येऊन हे केलं असतं तर जमलं नसतं, आधी तिथल्या लोकांना हसवणारा पिक्चर देऊन मगच हा दिला. तुमच्या पणजोबांनी चालवलेल्या मागावरची चादर आज सोलापुरी म्हणूनच विकली जाते, कुणी तेलंगणाची म्हणत नाही.

'ओल्विदादोस'ची फोटोग्राफी फार साधी वाटली, निसर्ग वगैरे काहीच नाही. कॅमेरामन चांगला मिळाला नाही का? – फोटो स्टुडिओवाले, नवी पेठ

हसू आलं मला. कॅमेरामन गाब्रिएल फिगेरोआ, ढगांचा बादशहा, त्या काळातला मेक्सिकोचा सगळ्यात नावाजलेला! पुढे 'नासारिन' (१९५९) च्या वेळी फिगेरोआनं एक अप्रतिम फ्रेम लावली, मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी, वर पांढरेशुभ्र ढग. बुन्युएलनं कॅमेरा उलटा फिरवायला लावला आणि एका साध्याच जागेवर शॉट घेतला. त्याला सुंदर पोस्टकार्ड नको होतं. 'नासारिन' गरिबांत राहायला निघालेल्या पाद्र्याची गोष्ट आहे, मागे ज्वालामुखी लागला असता तर पाद्रीबुवा संतच वाटले असते.

अशी बाहेरून येऊन दुसऱ्याच भाषेत डायरेक्शन करणारी आणखी माणसं आहेत काय? – वाचक, होटगी रोड

पहिलं म्हणजे बुन्युएलला भाषेची अडचण नव्हती, स्पॅनिशच की. खरी कमाल आर्काडी बॉयट्लरची. मॉस्कोत जन्म, मूकपटाच्या काळातला कॉमेडी नट, फिरत फिरत मेक्सिकोला पोचला आणि १९३४ मध्ये 'ला मुहेर देल पुएर्तो' केला, बंदरावरच्या बाईची गोष्ट, आंद्रेया पाल्मा हिरॉइन, मेक्सिकन बोलपटाच्या सुरुवातीचा एकदम खणखणीत पिक्चर. दुसरा लादिस्लाओ वाय्दा, बुडापेस्टचा हंगेरियन, स्पेनमध्ये जाऊन १९५५ ला 'मार्सेलिनो पान इ विनो' केला, मठात वाढलेल्या पोराची गोष्ट, जगभर चालला. म्हणजे फ्रँकोच्या स्पेनचा सगळ्यात गाजलेला भक्तिपट कुणी काढला तर बाहेरून आलेल्या माणसानं, आणि स्पेनचा सगळ्यात मोठा डायरेक्टर तेव्हा मेक्सिकोत.

आपल्याकडेही आहेत. एलिस डंगन, अमेरिकन, १९३५ ला भारतात आला, १९३६ मध्ये 'सती लीलावती' केला, एमजीआर त्यात पहिल्यांदा दिसले. पंधरा वर्षं तमिळ पिक्चर केले पण तमिळ काही बोलता आली नाही. बॉम्बे टॉकीजचे फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, 'अछूत कन्या' त्यांचाच, १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी पकडून छावणीत टाकलं. उलट दिशेनं गेलेला म्हटलं तर आपले डॉ. कोटणीस, पण ते डॉक्टर होते, त्यांच्यावर पिक्चर शांतारामबापूंनी काढला.

बुन्युएल स्पेनला परत गेलाच नाही का? – गृहिणी, विजापूर रोड

गेला ना, आणि जाऊन आग लावून आला. मेक्सिकन प्रोड्युसर गुस्ताव्हो अलात्रिस्ते, त्याची बायको सिल्विया पिनाल हिरॉइन, त्यांनी स्पेनमध्ये 'विरिदियाना' काढायचं ठरवलं. स्पेनमधून परागंदा झालेले लोक याच्यावर चिडले, फ्रँकोच्या देशात जातोस म्हणून. सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. मूळ शेवट असा की नन व्हायला निघालेली ती मुलगी रात्री चुलतभावाच्या खोलीचं दार वाजवते, आत जाते, दार बंद. नको म्हणाले. मग यानं बदलला, दार उघडं, आत मोलकरीण आधीच बसलेली, आणि तिघं मिळून पत्ते खेळायला बसतात. हा पहिल्यापेक्षा कितीतरी चावट, आणि तो पास झाला! १९६१ ला कानचं सर्वोच्च बक्षीस मिळालं (एका फ्रेंच पिक्चरबरोबर वाटून), लगेच व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानं झोडपलं, आणि स्पेननं आपल्याच बक्षीस मिळवलेल्या पिक्चरवर बंदी घातली. १९७७ मध्ये, फ्रँको गेल्यावर, तो स्पेनमध्ये लागला.

सुरुवात कुठून करू? घरी सासूबाईंबरोबर बघता येईल असं काही? – वाचक, बाळे

सासूबाईंबरोबर असेल तर 'सुबीदा आल सिएलो' (१९५२). आजारी आईच्या मृत्युपत्रासाठी नवरा मुलगा बसनं शहराला निघतो आणि ती बस काही पोचत नाही, नदीत अडकते, बाई बाळंत होते, ड्रायव्हर मध्येच आपल्या आईच्या घरी जेवणाला थांबतो. एसटीनं गेलेल्या माणसाला समजवायला सबटायटलसुद्धा लागणार नाहीत. एखादा स्वप्नाचा सीन आहे, तेव्हा सासूबाईंना चहा आणायला पाठवा. मग 'ला इलुसिओन व्हियाहा एन त्रान्विया' (१९५४), भंगारात निघालेली ट्राम दोन कामगार रात्री दारूच्या नादात बाहेर काढतात, लोक चढतच जातात, काहीजण तर कत्तलखान्यातलं मटण घेऊन, आणि ट्राम परत नेऊन ठेवता येईना. त्यानंतर 'एल', मग 'ओल्विदादोस', मग 'एल आन्हेल एक्स्तेर्मिनादोर' (१९६२). त्यात बडे लोक जेवण झाल्यावर हॉलमधून बाहेरच पडू शकत नाहीत, दार उघडं असून. बुन्युएलला त्यातही एक खंत राहिली, श्रीमंतांच्या पार्टीला शोभतील असे नॅपकिन मिळाले नाहीत, एकच भारी होता तोही मेकअपवाल्याकडून मागून आणलेला. 'सिमोन देल देसिएर्तो' (१९६५) शेवटी बघा, पाऊण तासाचाच आहे, अलात्रिस्तेचे पैसे संपले म्हणून.

ऑस्कर मिळालं का त्याला? – विद्यार्थिनी, कुमठा नाका

मेक्सिकन पिक्चरला नाही. 'डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी' या १९७२ च्या फ्रेंच पिक्चरला मिळालं. नॉमिनेशन झालं तेव्हा ओळखीच्या मेक्सिकन पत्रकारांनी विचारलं मिळेल का, तर हा गंभीर तोंड करून म्हणाला हो मिळणारच, त्यांनी पंचवीस हजार डॉलर मागितले होते ते मी देऊन टाकलेत. चार दिवसांत पेपरात छापून आलं, लॉस एंजेलिसमध्ये हलकल्लोळ, प्रोड्युसर संतापला, याला सांगावं लागलं की बाबांनो चेष्टा केली होती. तीन आठवड्यांनी ऑस्कर खरंच मिळालं. मग हा म्हणाला, अमेरिकन लोकांत दोष असतील पण शब्दाला पक्के.